अटींवर चालू

जेवणाच्या टेबलावर सोळा दिवस दोन कागद पडून होते, आणि सोळा दिवस त्या टेबलावर कुणी सुखानं जेवलं नव्हतं.

एक कागद गुळगुळीत, रंगीत. त्यावर नवा कोरा कॅम्पिंग ट्रेलर आणि शेजारी हसणारं जोडपं. इतकं हसणारं जोडपं फक्त जाहिरातीतच सापडतं, घरात नाही. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं एका खोलीचं घर. पलंग, शेगडी, खिडकी सगळं आत. ऑर्डर दिली की दहा महिन्यांनी मिळणार. दुसरा कागद म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फळ्यावरून काढून आणलेली चिठ्ठी. 'दोघांपुरता ट्रेलर विकणे आहे. अकरा वर्षं वापरलेला. समक्ष पाहावा.' अक्षर मोत्यासारखं, पण चित्र नाही आणि हसणारंही कुणी नाही. मात्र हा ट्रेलर लगेच मिळणार होता.

रंगीत कागद नवऱ्यानं आणला होता, चिठ्ठी बायकोनं. भांडण कशावरून असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

नवरा म्हणजे निवृत्त लिफ्ट-तपासनीस. चौतीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्टांचे दोष काढले आणि ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहिले. बायको कपडे दुरुस्त करणारी. उसवलेलं शिवायचं, ढगळ आवळायचं, आखूड झालेलं लांबवायचं. सगळी गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणायची, आपणही मावशीच म्हणू. "दोष काढायचा तुम्हाला पगार मिळायचा हो," ती नवऱ्याला म्हणायची. "आता फुकट काढता, तेवढाच फरक."

एरवी ती हे हसून म्हणायची. गेले सोळा दिवस हसत नव्हती.

"जुनं ते सोनं," ती सकाळी म्हणाली.

"सोनं असेल तर विकतोय कशाला?"

"आणि नव्याचे नऊ दिवस, ते?"

"बरं. आणि जुन्याचे किती? सांग मोजून." तपासनिसांनी रंगीत कागद पुढे ओढला. "सोमवारी मी ऑर्डर देतोय. दहा महिने काय, बघता बघता जातील."

बघता बघता! मावशीनं पाठ फिरवली आणि उगाच ओटा पुसला. दहा महिने तिला का परवडणारे नव्हते ते तिच्याशिवाय फक्त एका डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं.

सात आठवड्यांपूर्वी ती एकटीच डोळे दाखवायला गेली होती. उजवा खांदा सारखा दाराच्या चौकटीवर आपटत होता, चष्मा बदलायला झाला असेल, एवढंच तिला वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. समोर बघायचं, आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मावशीनं मन लावून दाबलं, बक्षीस मिळणार असल्यासारखं. मग छापील कागद बाहेर आला, तर त्याची उजवी बाजू सगळी काळीकुट्ट.

"इथे ठिपके होते?" तिनं विचारलं.

"होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरपूर होते."

काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे आणि उरलेलं सांभाळायचं. "पुढच्या वर्षी एवढंच दिसेल असं मी लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. थेंबांची बाटली मावशीनं बटणांच्या डब्यात लपवली. त्या डब्यात तिच्याशिवाय कुणाचा हात जात नसे.

नवऱ्याला का नाही सांगितलं? तर त्याचंही कारण लाल वहीतच होतं. तपासनीस तीनच शेरे मारायचे. 'योग्य.' 'बंद.' आणि तिसरा 'अटींवर चालू', म्हणजे आठ माणसांच्या जागी तीनच न्यायची, सामान चढवायचं नाही, असं काहीतरी. हा तिसरा शेरा त्यांनी चौतीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा दिला असेल. "तो भित्र्यांचा शेरा," ते म्हणायचे. "वस्तू एक तर चांगली असते, नाही तर नसते." आणि 'बंद' लिहिलं की लिफ्टच्या दारावर लाल पाटी लागायची: दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये. लोक हातापाया पडायचे, म्हातारी माणसं पाच-पाच मजले चढायची, पण पाटी हलायची नाही.

मावशीला अंधाराची नव्हती तेवढी त्या पाटीची भीती होती. एकदा सांगितलं की झालंच. ट्रेलर राहिला बाजूला, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, हे शिवू नको, जिना उतरू नको. जे काही बघणं उरलंय ते दवाखान्याच्या भिंती बघण्यातच संपणार.

आणि तिला बघायचं तरी काय होतं? फार मोठं काही नाही. तिच्या शिलाई मशीनसमोरची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. तेहतीस वर्षं तिनं जग पाहिलं ते गिऱ्हाइकांच्या खिशांतून. लोक फिरून यायचे, कपडे दुरुस्तीला टाकायचे, आणि ही बाई शिवायच्या आधी खिसे उलटे करायची. वाळू पडायची, कधी शिंपल्याचा तुकडा, कधी डोंगरावरची सुकलेली बारीक पानं. वाळू ती एका बरणीत टाकायची. पांढरी, तांबूस, काळी. बरणी पाऊण भरली होती. "एवढा समुद्र आपल्या घरी आला," ती म्हणायची, "आता आपण जाऊ की त्याच्याकडे." निवृत्त झालो की जाऊ, असं ठरलं होतं. निवृत्त झाले, आणि वर्षभर तपासनीस कागदच तपासत बसले.

"बघून तर या एकदा," ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "माझ्यासाठी. नाही आवडला तर सोमवारी तुमची ऑर्डर. मी चकार शब्द काढणार नाही."

तपासनिसांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग वही, टॉर्च आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "चल. पण मी नीट बघणार हं. घाई लावायची नाही."

चिठ्ठी लिहिणारे निघाले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या खिशात अजून खडू. घराच्या बाजूला लांबट अंगण, अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये तो ट्रेलर, सायीच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी. मास्तरीणबाई वरच्या खिडकीत बसून होत्या. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून तर विकायचा.

"निवांत बघा," मास्तर म्हणाले. "फक्त एक आहे. चार वाजता अजून एक जण येणार आहे. फोनवर घेतोच म्हणाला. पण आधी तुम्ही आलात, तेव्हा पहिला मान तुमचा."

पावणेतीन वाजले होते. तपासनिसांनी बाह्या सरसावल्या. "लोखंड माझं, कापड तुझं," ते मावशीला म्हणाले आणि पाठीवर झोपून ट्रेलरखाली शिरले.

यात एक मेख होती, ती सांगायला हवी. तपासनीस दुसऱ्याच्या शब्दावर कधी काही लिहीत नसत. एकदाच लिहिलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. "वरचा दोर मी पाहिलाय साहेब, ठणठणीत आहे," असं एक मिस्त्री म्हणाला आणि यांनी सही केली. चार दिवसांनी लिफ्ट दोन मजले खाली कोसळली. आतल्या दूधवाल्याचा पाय कायमचा गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. अपवाद एकच, बायकोची बोटं. कापडाच्या बाबतीत ती जे सांगेल ते वहीत उतरायचं. लग्नात मिळालेल्या सगळ्या दागिन्यांपेक्षा मावशीला या गोष्टीचा अभिमान जास्त होता.

ती आत चढली. उजवा खांदा चौकटीला लागलाच, पण कुणी पाहिलं नाही. आत छान सुकं, उबदार वाटत होतं. ती पलंगावर आडवी झाली, आणि तिला डोळ्यांसमोरच खिडकी दिसली. मान वळवायची गरज नाही, शोधायचं नाही, सरळ समोर. खिडकीतून अंगणाची भिंत दिसत होती, पण भिंतीच्या जागी समुद्र ठेवून बघायला तिला अर्धा क्षणही लागला नाही. हाच घ्यायचा, तिनं मनाशी म्हटलं. काय वाट्टेल ते झालं तरी हाच.

मग ती उठली आणि बोटं कामाला लावली. भिंतींना आतून कापडी अस्तर होतं. सगळीकडे मशीनची शिवण, सरळ, जुन्या दोऱ्याची. पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात मात्र बोटं थबकली. इथे हातशिवण होती. बारीक, सुंदर, नवीन दोऱ्याची. हातशिवण कुणी हौसेनं घालत नाही. तिनं अंगठ्यानं कापड दाबलं आणि मागची फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

ओल. कुजलेला कोपरा. वरून नवं कापड लावून झाकलेला.

हे सांगितलं की संपलं. वहीत 'बंद', चार वाजताचा माणूस ट्रेलर घेऊन जाणार, सोमवारी ऑर्डर, आणि दहा महिन्यांनी नवाकोरा ट्रेलर दारात उभा, तेव्हा त्याच्या खिडकीतून तिला काय दिसणार?

"काय गं," पायाखालून, फरशीच्या फळ्यांमधून आवाज आला. "ओल आहे का कुठे?"

मावशीचा अंगठा अजून त्या फळीतच होता.

"अगं ए! झोपलीस की काय?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे... ओल नाही. कोरडं आहे."

"कोपरे बघितलेस?"

"कोपरेपण बघितले."

"लिहितो मग."

आणि खाली पेन्सिल वहीवर खरखरली. तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. नवऱ्याच्या वहीत खोटं लिहिलं गेलं होतं, आणि ते तिनं लिहवलं होतं. तिला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. तिनं उशी उचलली आणि त्या कोपऱ्याला टेकवून ठेवली. चोराच्या मनात चांदणं!

साडेतीनला तपासनीस धुळीनं माखून बाहेर आले. चेहऱ्यावर एक विचित्र भाव होता. तो आनंद होता हे ओळखायला मावशीला वेळ लागला, कारण तपासणी करताना तो तिनं कधी पाहिला नव्हता.

"लोखंड उत्तम आहे," ते म्हणाले. "आस सरळ, गंज नाही, ब्रेक नवे. मास्तर, तुम्ही लिफ्ट बसवायला हवी होती."

"मी नुसता रंग देत होतो," मास्तर हसले.

"आता एक चक्कर मारून मागे घेऊन बघू. पुढे काय, गाढवही जातं. मागे घेताना ट्रेलरची खरी ओळख होते." त्यांनी मास्तरांच्या गाडीची किल्ली घेतली, कारण हुक त्याच गाडीला होता. "मागून कुणीतरी सांगायला पाहिजे."

"मी सांगतो," मास्तर म्हणाले.

"छे, ही सांगेल. हिची नजर बारीक आहे. सुईच्या नाकातून हत्ती काढून दाखवेल."

नाही म्हणायची हीच वेळ होती, हे मावशीला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं. आणि एक खोटं घशाखाली उतरलं होतं, दुसऱ्यासाठी वाट झालेली होती. "सांगते," ती म्हणाली आणि शेडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

गाडी ट्रेलर घेऊन गल्लीत गेली, वळली, आणि अंगणाच्या फाटकातून मागे मागे येऊ लागली. सायीच्या रंगाचा चौकोन मोठा होत चालला. मावशीनं हात वर केला. डावीकडे भिंत, पुरेसं अंतर. समोर ट्रेलर, सरळ. उजवीकडे... उजवीकडे तिला काही नव्हतंच. मान वळवायला हवी हे तिला माहीत होतं. पण ट्रेलर डावीकडच्या भिंतीजवळ सरकत होता आणि तिची नजर तिथेच अडकली.

"येऊ दे," ती ओरडली. "येऊ दे, येऊ दे. अजून येऊ दे."

मास्तर चाकं जिथे थांबवायची तिथे लाकडी ठोकळे ठेवायला गेले होते. अकरा वर्षांची सवय. शेडच्या तोंडाशीच, मावशीच्या उजवीकडच्या खांबाजवळ ते वाकले होते, पाठ ट्रेलरकडे. बाई समोरच उभी आहे, ती बघतेच आहे, मग त्यांनी कशाला वळून बघावं?

"येऊ दे, येऊ दे..."

"अहो, थांबवा!" वरच्या खिडकीतून मास्तरीणबाईंची किंकाळी आली. "थांबवा! हे मागे आहेत! मेले, मेले!"

ब्रेक करकचून लागला. ट्रेलर गचका देऊन थांबला. मावशीनं मान वळवली, आणि तेव्हा तिला दिसलं. मास्तर जमिनीवर बसले होते, एक हात शेडच्या खांबाला, एक ट्रेलरच्या मागच्या पट्टीला. पट्टी आणि खांब यांच्यात जेमतेम त्यांच्या छातीएवढी जागा होती. डोक्यावरची टोपी चाकाखाली गेली होती.

तपासनीस धावत आले, त्यांनी मास्तरांना काखेत हात घालून बाहेर ओढलं, हातपाय चाचपले, बसवलं, पाणी पाजलं. मास्तरांना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण खिशातल्या खडूचे तुकडे झाले होते. सगळं झाल्यावर तपासनीस बायकोकडे वळले.

"तू तिथेच उभी होतीस!" त्यांचा आवाज चढला. "तुझ्यापासून सहा पावलांवर! काय बघत होतीस? माणूस मेला असता!"

"हो," मावशी म्हणाली.

"हो काय, हो? दिसले नाहीत तुला?"

"नाही दिसले." तिनं चष्मा काढला आणि पदरानं उगाच पुसला. "मला उजवीकडचं दिसत नाही. काचबिंदू आहे. सात आठवडे झाले डॉक्टरांनी सांगून."

मावशी आता थांबणार नव्हती. झाकली मूठ उघडली होती, तर ती पुरतीच उघडायची.

"आणि आत पलंगाच्या डोक्याशी कोपरा कुजलाय. मला कळलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"माझ्या वहीत?" ते एकदम हळू आवाजात म्हणाले, आणि ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं. "तू सांगितलंस म्हणून मी लिहिलं. तू! दूधवाल्याचं तुला माहीत असून?"

"माहीत असून."

"का?"

"तुम्ही पाटी लावाल म्हणून."

"ट्रेलरला? मग लावायलाच..."

"मला," मावशी म्हणाली. "मला लावाल म्हणून. दुरुस्ती होईपर्यंत वापरू नये. आणि अहो, याची दुरुस्ती नाहीये. मी विचारलंय."

तपासनीस फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले. खांदे ताठ. तिला वाटलं, गेले. आता गाडीत बसतील, घरी जाईपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत, आणि उद्या सकाळी आठला पहिल्या डॉक्टरच्या रांगेत. तिला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तोही मास्तरांच्या टोपीकडे बघून. चार बोटं अजून, की मास्तर गेले असते, आणि ही बाई खिडकीतून समुद्र बघत बसली असती.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. चार वाजले होते. एक टक्कल पडलेला, घाईतला माणूस उतरला. "ट्रेलर इथेच ना?"

"इथेच," तपासनीस म्हणाले. "थांबा दहा मिनिटं. तपासणी चालू आहे."

आवाज त्याच जुन्या तपासनिसांचा होता, तो माणूस मुकाट्यानं थांबला. ते परत आले, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि आत गेले. मावशीला उशी फेकल्याचा आवाज आला, मग कापड फाटल्याचा. मास्तर अपराधी चेहऱ्यानं उठले.

"ते मीच झाकलं होतं," ते आत बघत म्हणाले. "शिवण आमच्या हिची. गेल्या वर्षी छत गळलं, गळती बंद केली, पण फळी तशीच राहिली. सांगणार होतो. मग तुम्ही इतके खूश झालात की जीभच उचलली नाही. मग माझ्याच अंगाशी आलं, बरं झालं."

तपासनीस दारात आले. "वीतभर आहे," ते म्हणाले. "त्याच्या पुढे लाकूड टणक आहे. मी चारही बाजूंनी टोचून पाहिलं." मग पायरी उतरून ते मावशीसमोर येऊन उभे राहिले. "इथे उभी राहा. त्या दाराच्या मुठीकडे बघ. मान हलवायची नाही."

"कशाला?"

"सांगतो तेवढं कर. मास्तर, खडू द्या."

मावशी दाराच्या मुठीकडे बघत उभी राहिली. लाल वही हातात उंच धरून तपासनीस तिच्या डाव्या बाजूनं निघाले, अर्धवर्तुळात, एक एक पाऊल.

"आता?"

"दिसते."

"आता?"

"दिसते."

ते समोरून पुढे सरकले. मुठीच्या पलीकडे चार पावलं गेले असतील.

"आता?"

"अंधूक."

"आता?"

मावशीला नुसता आवाज आला. "नाही," ती म्हणाली.

खडू जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. "आता?"

"नाही."

"आता तरी?"

"नाही हो."

"आता?" आवाज आता अगदी तिच्या कानाशी होता, आणि तो फाटला होता. तिनं मान वळवली. ते तिच्या उजव्या खांद्याशी उभे होते, एका हातात वही, एका हातात खडूचा तुकडा, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही. समोर जमिनीवर पांढरी रेघ होती, आणि रेघेपासून तिच्या खांद्यापर्यंतचं सगळं अंगण तिच्यासाठी नव्हतंच. एवढं मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं म्हणजे तिलाही वाटलं नव्हतं.

चार वाजताचा माणूस काहीतरी विचारायला तोंड उघडत होता. मास्तरांनी त्याला हातानं गप्प केलं.

"थेंब?" तपासनिसांनी विचारलं.

"बटणांच्या डब्यात आहेत."

"दोन्ही वेळा घालतेस?"

"दोन्ही वेळा."

"आज?"

"सकाळचे घातले. संध्याकाळचे बाकी आहेत."

"पुढचं किती दिवस टिकेल?"

"बाई म्हणाल्या, लिहून देणार नाही."

"बरोबर म्हणाल्या. मीपण दिलं नसतं." त्यांनी नाक ओढलं आणि ते ट्रेलरच्या पायरीवर बसले. वही गुडघ्यावर घेतली, आजचं पान काढलं, 'ओल नाही' हे शब्द एका रेघेनं खोडले, शेजारी आपली छोटी सही केली, आणि खाली लिहू लागले. लिहिताना थांबले, परत लिहिलं. मावशी समोर उभी होती. चौतीस वर्षं लोक याच माणसासमोर असे उभे राहिले असतील, वरच्या मजल्यावरची आई डोळ्यांसमोर आणून, पाटी लागते का नाही बघत.

"मास्तर," ते वर न बघता म्हणाले, "कोपऱ्याची फळी मी स्वतः बदलणार, इथेच, तुमच्या शेडमध्ये. आठवडा लागेल. रविवारी घेऊन जातो." मग टकल्या माणसाकडे वळून, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. ट्रेलर गेला."

"कुणी घेतला?"

"हिनं," ते म्हणाले.

मावशीला खाली बसावंसं वाटलं, पण पायरीवर ते बसले होते. त्यांनी वही तिच्यापुढे धरली, बरोबर तोंडासमोर, ना डावीकडे ना उजवीकडे.

"वाच."

डाव्या पानावर होतं: 'ट्रेलर, वापरलेला. कोपऱ्याची फळी कुजकी, बदलून घेणे. बाकी योग्य. अटींवर चालू.'

उजव्या पानावर नाव नव्हतं, नुसती तारीख होती. 'उजवी बाजू गेलेली. समोरचं चांगलं. थेंब दोन वेळा, डॉक्टर महिन्याला एकदा, मी बरोबर. मागे घेताना हिनं उभं राहू नये. समुद्रावर लवकर न्यावं. अटींवर चालू. मुख्य अट: उजवीकडे मी.'

मावशीनं ते दोनदा वाचलं. "भित्र्यांचा शेरा ना हा?" ती म्हणाली.

"मग? भ्यालोच आहे," तपासनीस म्हणाले. "आणि परत माझ्या वहीत खोटं लिहवलंस तर बघ. सही कर."

"गाडीत तर तुम्ही उजवीकडेच बसता."

"खाली उतरल्यावरचं लिहिलंय ते. कर सही."

तिनं डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं, बोटाच्या कडेनं पेन्सिल चालवली, आणि सही ओळीवरच उतरली. मान वर केली तर पायरी रिकामी होती. नवरा कुठे गेला ते तिला दिसेना. समोर नव्हता, डावीकडे नव्हता.

मग तिच्या उजव्या कोपराला त्यांचा हात लागला.